ग्रहाचे छायाचित्र आणि प्रत्यक्ष प्रमाण

हौशी दुर्बिणीतून काढलेले गुरूचे किंवा शनीचे छायाचित्र एका क्षणाचे नसते. दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओतल्या हजारो फ्रेममधून निवडक घ्यायच्या, एकीवर एक बसवायच्या आणि त्यांची सरासरी काढायची, तेव्हा ते चित्र तयार होते. पडद्यावर दिसणारा गुरू तसाच्या तसा कोणत्याही एका फ्रेममध्ये नसतो, आणि दुर्बिणीला डोळा लावणाऱ्यालाही तो इतका स्पष्ट कधी दिसत नाही. मग या चित्राला ग्रहाचे दर्शन म्हणायचे की ग्रहाविषयीचा तर्क? भारतीय दर्शनांच्या भाषेत सांगायचे तर हे प्रत्यक्ष की अनुमान? या प्रश्नाला लागूनच दुसरा प्रश्न येतो. ज्या शनीला शनिवारी तेल वाहिले जाते, त्या शनीशी या चित्राचा काय संबंध?

चित्र कसे घडते हे कळल्याशिवाय पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हिवरखेड विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण 21 अंशांवर आहे. 10 जानेवारी 2026 रोजी गुरू मिथुन राशीत प्रतियुतीला, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर आला, तेव्हा मध्यरात्री तो या गावाच्या जवळजवळ डोक्यावर होता. ग्रह इतका उंच असला की त्याच्या प्रकाशाला हवेचा कमीत कमी थर ओलांडावा लागतो. युरोपातल्या निरीक्षकाला हे भाग्य क्वचितच लाभते. गावातल्या दिव्यांचाही इथे फारसा अडसर नाही. तेजोमेघ आणि दीर्घिका टिपायला काळोख लागतो, पण ग्रह तेजस्वी असल्याने बसस्टँडजवळच्या गच्चीवरूनही टिपता येतात. शनीच्या बाबतीत मात्र पावसाळा आड येतो. सध्या त्याची प्रतियुती सप्टेंबर-ऑक्टोबरात पडते (2025 मध्ये 21 सप्टेंबर, 2026 मध्ये 4 ऑक्टोबर), आणि वऱ्हाडात त्या सुमारास आभाळ उघडेलच याची खात्री नसते.

खरी अडचण हवेची असते. त्या जानेवारीत गुरूची चकती सुमारे 46 विकलांची होती, म्हणजे चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चाळिसावा भाग. आठ इंची दुर्बीण अर्ध्या विकलेच्या आसपासचा तपशील वेगळा दाखवू शकते, पण हवेची थरथर त्याच्या कित्येक पट मोठी असते. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणून अंगण किंवा शेताची मोकळी जमीन केव्हाही बरी. लॅपटॉपवर तो व्हिडिओ पाहताना चकतीची कड सतत हलते, पट्टे एकमेकांत मिसळतात. मधेच एखाद्या क्षणी विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे तपकिरी पट्टे आणि त्यांच्या कडांची झालर स्वच्छ उमटते, आणि लगेच पुसली जाते. या शांत क्षणांवरच सगळी पद्धत उभी आहे. सेकंदाला शंभर फ्रेम घेतल्या तर दोन मिनिटांत बारा हजार जमतात. हवा क्षणभर स्थिर असताना मिळालेल्या फ्रेम किती असतील, याचे गणित डेव्हिड फ्राइड यांनी 1978 मध्ये मांडले होते. आज ऑटोस्टॅकर्टसारखे मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमची प्रत तपासते, उत्तम दोन हजार निवडते, एकमेकींवर जुळवते आणि त्यांची सरासरी काढते; यालाच स्टॅकिंग म्हणतात. दोन हजारांच्या सरासरीत कॅमेऱ्याची खरखर सुमारे 45 पट कमी होते. त्यानंतर रजिस्टॅक्ससारख्या साधनाने दबलेले बारीक तपशील उठावदार केले जातात.

फ्रेम गोळा करायला वेळेची मर्यादा असते आणि ती ग्रहच घालतो. गुरू पावणेदहा तासांपेक्षा थोड्या जास्त वेळात स्वतःभोवती फिरतो. दोन मिनिटांत त्याच्या चकतीचा मध्य अर्धी विकला सरकतो, म्हणजे आठ इंची दुर्बिणीच्या मर्यादेइतकाच. त्याहून लांब व्हिडिओ घेतला तर ग्रहाच्या फिरण्यानेच चित्र पुसट होते.

गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्षाला कडक अटी घातल्या आहेत. ज्ञान इंद्रिय आणि वस्तू यांच्या संपर्कातून उपजलेले असावे, ते न चुकणारे असावे आणि निश्चित असावे. पहिली अट छायाचित्राला अडवते असे वाटते, कारण गुरूचा प्रकाश डोळ्यावर न पडता कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडलेला असतो. पण चष्म्यातून पाहणाऱ्याचे पाहणे कोणी अनुमान मानत नाही. भिंगाने प्रकाश वळवला म्हणून वस्तूशी असलेला दुवा तुटत नाही. फ्रेममधला प्रत्येक ठिपका त्या रात्री गुरूवरून निघालेल्या प्रकाशानेच भरलेला असतो. सरासरीने त्यात नवे काही घातले जात नाही. हवेने आणि कॅमेऱ्याने घातलेले दोष कमी होतात, इतकेच. नैयायिक प्रत्यक्षाच्या चर्चेत दोषांना मोठे स्थान देतात. अंधुक उजेड, लांबचे अंतर, बिघडलेला डोळा यांमुळे शिंपल्यावर चांदी दिसते. दोष दूर करून पाहिले तरी ते पाहणेच राहते. या कसोटीवर स्टॅकिंग प्रत्यक्षाच्या बाजूला पडते, आणि हे बळेबळे लावलेले उत्तर नाही.

दुसरी अट, न चुकण्याची, जास्त अवघड आहे. तपशील उठावदार करण्याचे बटण थोडे जास्त फिरवले की मंगळाच्या तेजस्वी कडेलगत एक खोटे वर्तुळ उमटते. ते ग्रहावर नसते, गणितातून आलेले असते. खगोलशास्त्राच्या इतिहासात यापेक्षा मोठी फसगत झालेली आहे. 1877 मध्ये स्किआपारेल्ली यांना मंगळावर सरळ रेषा दिसल्या, आणि 1894 पासून पर्सिव्हल लोवेल यांनी त्यांना बुद्धिमान प्राण्यांनी खणलेले कालवे ठरवले. 1905 मध्ये लोवेल यांच्या वेधशाळेत काढलेली मंगळाची छायाचित्रे कालव्यांचा पुरावा म्हणून पुढे करण्यात आली. 1909 मध्ये अँटोनियादी यांनी पॅरिसजवळच्या म्यूदाँ येथील मोठ्या दुर्बिणीतून स्थिर हवेत पाहिले, तेव्हा त्या रेषांच्या जागी सुटे डाग दिसले. डोळे निरोगी होते, कॅमेरा खरा होता, माणसे प्रामाणिक होती. तरीही ज्ञान चुकीचे निघाले. चुकले ते मनाने सुट्या ठिपक्यांना जोडून काढलेल्या रेषांमुळे.

आता हेच काम यंत्रही करू लागले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी काही साधने अस्पष्ट चित्र धारदार करताना आधी पाहिलेल्या हजारो चित्रांवरून तपशील भरतात. गुरूवर पट्टे असतात हे त्यांना ठाऊक असते, म्हणून ती पट्टे काढतात. त्या रात्री तो पट्टा तिथे होता की नाही, याचे उत्तर अशा चित्रात नसते. स्टॅकिंग दोष काढते, हे साधन वस्तू घालते. देखणे असले तरी असे चित्र प्रत्यक्षात बसत नाही आणि अनुमानातही बसत नाही, कारण अनुमानाला निदान हेतू, म्हणजे निष्कर्षाचे कारण, सांगावा लागतो. ग्रहाचे छायाचित्र म्हणून ते दाखवणे गैर आहे.

खरे चित्र आणि भ्रम यांतला भेद कसा ठरवायचा? इथे न्याय आणि मीमांसा यांच्या वाटा वेगळ्या होतात. मीमांसक म्हणतात, ज्ञान उपजतच प्रमाण असते, ते खोटे पाडणारा पुरावा येईपर्यंत. नैयायिक म्हणतात, त्याची प्रमाणता बाहेरून, इतर ज्ञानांशी जुळण्यावरून ठरते. ग्रहांचे छायाचित्रकार नकळत नैयायिकांच्याच वाटेने जातात. 19 जुलै 2009 रोजी ऑस्ट्रेलियातले हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली यांना आपल्या साडेचौदा इंची दुर्बिणीच्या चित्रांत गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला. त्यांनी तो लगेच इतरांना कळवला. हवाईतील नासाच्या अवरक्त दुर्बिणीने आणि नंतर हबलने तो टिपला, आणि गुरूवर काहीतरी आदळल्याचे सिद्ध झाले. स्वतंत्र दुर्बिणी, वेगळी हवा, वेगळे सॉफ्टवेअर, आणि डाग त्याच जागी. ग्रहचित्राचे प्रामाण्य इथून येते. एकट्या चित्राच्या देखणेपणातून ते येत नाही.

मराठी परंपरेत हा कस नवा नाही. कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ स्वतः वेध घेत असत, आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांचा 1520 चा ग्रहलाघव हा ग्रंथ पुढची कित्येक शतके पंचांगांचा आधार राहिला. गणिताने आलेला ग्रह आकाशातल्या ग्रहाशी जुळला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून व्यंकटेश बापूजी केतकर यांनी पंचांगशुद्धीसाठी तोच आग्रह पुन्हा धरला.

काळाचा प्रश्न या सगळ्याहून खोल जातो. 1676 मध्ये ओले रोमर यांनी गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळा पुढे-मागे होतात यावरून प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे दाखवले. प्रतियुतीला गुरूचा प्रकाश पृथ्वीवर यायला सुमारे 35 मिनिटे लागतात, शनीचा सुमारे सव्वा तास. छायाचित्रातली वस्तू त्या क्षणी तशी नसते. सौत्रांतिक बौद्धांनी नेमका हाच मुद्दा दुर्बिणीच्या कितीतरी आधी मांडला होता: ज्ञान उपजते तेव्हा त्याला कारण झालेला क्षण सरलेला असतो, म्हणून बाह्य वस्तू अनुमानानेच कळते. हवाईतली दुर्बीण असो की हिवरखेडची, या आक्षेपातून कोणीच सुटत नाही. पण तो आक्षेप समोरच्या झाडालाही तितकाच लागू आहे. ग्रहांच्या बाबतीत फरक एवढाच की तो उशीर मिनिटांत मोजता येतो.

पाहणे म्हणजे डोळ्यानेच पाहणे का, हा प्रश्नही उरतोच. अमरावती जिल्ह्यात, लोणी टाकळी येथे 1881 मध्ये जन्मलेले गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले, आणि अवघ्या 34 वर्षांच्या आयुष्यात त्यांनी तत्त्वज्ञानावर शेकडा भरेल इतके ग्रंथ सांगितले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. डोळा हे ज्ञानाचे एकमेव दार नाही, याचा वऱ्हाडातला हा सर्वांत मोठा दाखला आहे. ग्रहाचे छायाचित्रही मुळात आकड्यांची तालिका असते, आणि ती अंध माणसालाही समजावून घेता येते. ज्यांनी शनीची कडी कधी स्वतः पाहिली नाहीत, असे बहुसंख्य लोक ती शब्दप्रमाणानेच, म्हणजे जाणकाराच्या शब्दावर विसंबून, मानतात.

दुसरा प्रश्न देवतेचा. नवग्रहांतले राहू आणि केतू हे चंद्राच्या आणि सूर्याच्या मार्गांचे छेदबिंदू आहेत. त्यांचे छायाचित्र निघत नाही. शनिशिंगणापूरची शिळा किंवा मारुतीच्या गळ्यातली रुईच्या पानांची माळ यांना दुर्बीण खोटे ठरवत नाही, कारण तिथे भक्त आकाशातल्या गोळ्याविषयी दावा करत नाही. तो भीती, संयम आणि कर्माशी बोलत असतो. 23 मार्च 2025 रोजी शनीची कडी पृथ्वीवरून धारेवर आल्यामुळे जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हा कोणाच्या श्रद्धेत फरक पडला नाही आणि पडायचे कारणही नव्हते.

फलिताचा दावा मात्र वेगळा आहे. साडेसातीची मुदत मुळात वेधातूनच आली आहे: शनी 29.5 वर्षांत बारा राशी फिरतो, तीन राशींना सुमारे सात वर्षे साडेचार महिने लागतात. मुदत खरी आहे, पण तिच्यात माणसावर अमुक संकट येते हे विधान वस्तुस्थितीचे आहे आणि ते तपासता येते. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये पुण्यात अशी तपासणी केली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना वेगळ्या काढायला दिल्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिकांची उत्तरे दिली, आणि त्यांतली सुमारे 46 टक्केच बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती. मंगळाच्या पत्रिकेवरून जमत आलेले लग्न मोडणाऱ्या घरांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

ग्रहांची छायाचित्रे काढणाऱ्यांनी तयार चित्राबरोबर मूळ व्हिडिओ जपून ठेवावा. तारीख, वेळ, दुर्बिणीचा आकार, किती फ्रेम घेतल्या आणि किती वापरल्या, हे चित्राखाली लिहावे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले असेल तर तेही लिहावे.