आधी नाव, मग मेमरी

बीगलबोन ब्लॅक हा २०१३ साली आलेला, तळहातावर मावणारा संगणक-बोर्ड. त्यावर ४ केबीची एक चिमुकली ईईप्रॉम चिप असते. फोनवरचा एक फोटोही तिच्यात बसायचा नाही. पण बोर्डाला वीज दिली की पहिल्या काही क्षणांत हिलाच विचारलं जातं, तू कोण? उत्तर २८ बाइटांत संपतं: ४ बाइट खुणेचे, ८ अक्षरं नावाची, ४ आवृत्तीची आणि १२ अनुक्रमांकाची. बोर्ड कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनला, हेही त्या अनुक्रमांकात आलंच.

हे प्रोसेसरला विचारून भागत नाही. आधीच्या पांढऱ्या बीगलबोनवर आणि या ब्लॅकवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एकाच घराण्यातला प्रोसेसर आहे. रॅम मात्र वेगळी: तिथे २५६ एमबी डीडीआर-२, इथे ५१२ एमबी डीडीआर-३. बोर्ड सुरू करणाऱ्या यू-बूट या प्रोग्रॅमचा पहिला टप्पा प्रोसेसरच्या पोटातल्या जेमतेम रॅमवर चालतो. बाहेरची मोठी रॅम तेव्हा झोपलेलीच असते. तिला कोणत्या टायमिंगने उठवायचं, हे त्या आठ अक्षरांवरून ठरतं. नाव जगाने हाक मारण्यापुरतं असतं असं आपण धरून चालतो. हा बोर्ड स्वतःच्याच स्मृतीपर्यंत नावावाचून पोचत नाही.

कोऱ्या चिपमधून शून्य येत नाही, सगळे बाइट ‘एफएफ’ येतात. खुणेचे ‘एए ५५ ३३ ईई’ हे चार बाइट म्हणूनच ठेवलेत: इथे कुणीतरी खरंच काही लिहिलंय, एवढी खात्री. ती खूण दिसली नाही की जुनं यू-बूट ‘बोर्ड ओळखता येत नाही’ अशा अर्थाची ओळ सिरियल कन्सोलवर टाकून तिथेच थांबायचं. मला हे थांबणं आवडतं. खरी पंचाईत चुकीच्या नावाची. खूण बरोबर, अक्षरं स्वच्छ, मग शंका घ्यायची कुणी? ब्लॅकच्या चिपवर पांढऱ्याचं नाव पडलं, तर डीडीआर-३ ला डीडीआर-२ समजून वागवलं जातं. सोल्डरिंग चोख, सगळ्या चिपा धडधाकट, आणि बोर्ड काही केल्या उठत नाही. चेकसम लावला तरी बाइट बिघडले नाहीत एवढंच कळेल. मजकूर खरा की खोटा, ते नाही.

चुकीचं नाव माणसालाही असंच चिकटतं. तिसरी-चौथीतल्या पोरादेखत मोठी माणसं सहज बोलून जातात, “याला गणिताचं डोकंच नाही हो.” तोवर ते पोर अडलं की विचारत होतं. आता विचारत नाही. गणिताचा तास आला की त्या नावाच्याच टायमिंगने स्वतःला चालवतं, आणि अडकलं की मोठ्यांना आपलंच म्हणणं खरं झाल्यासारखं वाटतं.

चुकीच्या नावाच्या बोर्डाला स्वतःचं नाव स्वतः दुरुस्त करता येत नाही, कारण त्यासाठी आधी उठायला हवं. मग चिपला काहीच न विचारता ‘हा ब्लॅकच’ असं गृहीत धरणारं यू-बूट तयार करून एसडी कार्डावर घालतात. त्याच्या भरवशावर बोर्ड उठतो, लिनक्स चालू होतं, आणि मग आय-टू-सी बसवरून चिपमध्ये खरं नाव लिहिता येतं. लिहिण्याची बंदी उठवायला बोर्डावरचा एक टेस्ट पॉइंट ग्राउंडला टेकवून धरावा लागतो. हात त्यात अडकलेला असतो, म्हणून कमांड शेजारच्याला टाइप करायला सांगणं सोयीचं.