हाडांचा आराखडा आणि निर्मात्याचा हेतू

माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, घोड्याचा पुढचा पाय आणि देवमाशाचा पोहण्याचा पर यांची कामे एकमेकांशी जुळत नाहीत; हाडांची मांडणी मात्र जुळते. दंडात एक हाड, कोपराखाली दोन, मनगटात लहान हाडांचा पुंजका आणि पुढे बोटे. घोडा एकाच, मधल्या बोटावर धावतो. तरी त्याच्या नळीच्या हाडाला दोन्ही बाजूंनी दोन बारीक हाडे चिकटलेली असतात. ती शेजारच्या बोटांच्या तळव्यातील हाडांचे अवशेष आहेत.

अवयव आणि काम यांच्या चपखल मेळावरून ईश्वराची योजना सिद्ध करता येते, असे विल्यम पेली यांनी 1802 सालच्या ‘नॅचरल थिऑलॉजी’त मांडले होते. हा युक्तिवाद मेळ कुठून आला ते सांगतो. कामे वेगळी असताना साम्य का, याला त्यात उत्तर नाही. 1830 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत कुवियर आणि जॉफ्र्वा सँत-हिलेर यांच्यात वाद पेटला, तो याच गाठीवर. कुवियर यांच्या मते कामाच्या गरजेतून रचना ठरते. जॉफ्र्वा यांच्या मते मूळ आराखडा आधी, काम नंतर. जॉफ्र्वा यांनी माखलीसारखे मृदुकाय प्राणीही त्याच आराखड्यात बसवू पाहिले आणि तिथे कुवियर यांनी त्यांना निरुत्तर केले. पृष्ठवंशी प्राण्यांपुरते मात्र जॉफ्र्वा यांचेच सूत्र टिकले.

रिचर्ड ओवेन यांनी 1849 साली अवयवांवरील आपल्या ग्रंथात हे साम्य श्रद्धेच्याच चौकटीत बसवले. सर्व पृष्ठवंशींचे एक आदिरूप निर्मात्याच्या मनात होते आणि प्रत्येक प्राणी हा त्याचा एक आविष्कार, असे त्यांचे म्हणणे. विचार भव्य आहे, पण आदिरूप असेच का, हा प्रश्न तो जिथल्या तिथे ठेवतो. दहा वर्षांनी चार्ल्स डार्विन यांनी मनातल्या आदिरूपाच्या जागी एकेकाळी जिवंत असलेला पूर्वज ठेवला, आणि साम्य हे नात्याचे चिन्ह ठरले.

या उत्तराची ताकद स्वरयंत्राच्या चेतेत विशेष दिसते. मेंदूतून निघणारी व्हेगस चेता मानेतून खाली उतरताना स्वरयंत्राजवळूनच जाते. पण तिची डावी शाखा तिथे न वळता छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्राला मिळते. जिराफात हा फेरा काही मीटरांचा होतो. माशांत हीच चेता कल्ल्यांच्या धमन्यांमागून सरळ जाते आणि तिथे वळशाचा प्रश्नच येत नाही. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकले आणि धमनीत अडकलेली चेता सोबत ओढली गेली.

वाटेत ही चेता श्वासनलिकेला व अन्ननलिकेलाही फाटे देते, म्हणून वळसा निरर्थक नाही, असा प्रतिवाद होतो. तो विचारात घ्यायलाच हवा. पण मोजक्या माणसांत उजव्या हाताची धमनी वेगळ्या जागेतून निघते आणि त्या बाजूची चेता वळसा न घेता सरळ स्वरयंत्राला जाते. त्यांचा आवाज नेहमीसारखाच असतो. म्हणजे वळसा धमनीमुळे पडतो, कामाच्या गरजेमुळे नाही.

यातून ईश्वर नाही असे सिद्ध होत नाही. चपखलपणाचा पुरावा मात्र ढासळतो. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धावान ख्रिस्ती आणि डार्विन यांचे खंदे समर्थक होते. बदलांचा ओघ ईश्वरानेच हितकर दिशेने वळवला असावा, असे त्यांनी सुचवले. डार्विन यांनी 1868 सालच्या ग्रंथाच्या शेवटी त्याला उत्तर दिले: कड्यावरून कोसळलेल्या दगडांतून गवंडी सोयीचे दगड निवडून घर बांधतो, प्रत्येक दगडाचा आकार निसर्गनियमाने ठरलेला असतो, पण तो त्या घरासाठीच घडला असे म्हणता येत नाही. तरीही सर्वज्ञ ईश्वराला हे सारे आधीच ठाऊक असणार, ही अडचण त्यांनी त्याच जागी मान्य केली आणि ती सुटलेली नाही असेच नोंदवले.