मोजणारा आणि मोजला जाणारा

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. गिऱ्हाईक घोड्याचा जबडा उघडून दात पाहते, भोवरे तपासते, चाल पाहते आणि मग किंमत बोलते. घोड्याला कोणी काही विचारीत नाही. तो व्यवहार पाहता पाहता आम्हांला समाजशास्त्राची आठवण झाली. वाचकांना हे विचित्र वाटेल, म्हणून थोडा खुलासा करतो.

हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने या देशातील माणसांची नाके मोजविली होती. नाकाच्या ठेवणीवरून वंश आणि वंशावरून जातीची पायरी कळते, असा त्याचा सिद्धान्त. पुढे मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. १९२४ मध्ये मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजचे शिक्षण घेऊन त्या जागी आले. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे त्यांचेच विद्यार्थी. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्लेचेच आकडे पुन्हा तपासले आणि उत्तर हिंदुस्थानाबाहेर तो सिद्धान्त टिकत नाही, असे दाखवून दिले.

शास्त्राचे हे पुण्यच म्हटले पाहिजे. सामाजिक घटनांकडे वस्तू म्हणून पाहावे, असे फ्रान्समध्ये एमिल दुर्खीमने १८९५ साली लिहिले. सेमिनरीत ते वाचून आम्ही संतापलो होतो. माणूस म्हणजे काय दगड आहे? पुढे उमगले, की ही शिस्त पाळली नाही तर अभ्यासक स्वतःच्या पूर्वग्रहालाच ज्ञान समजून बसतो.

परंतु तेच घुर्ये १९४३ साली आदिवासींविषयी लिहू लागले, तेव्हा त्यांनी त्यांना मागासलेले हिंदू ठरविले. धर्मसेवक म्हणून या देशात येऊन पुढे ते व्रत सोडलेले व्हेरिअर एल्विन यांचे मत उलट होते : आदिवासींना बाहेरच्यांपासून जपावे. दोघेही व्यासंगी, दोघेही प्रामाणिक. तरीही ज्यांच्याविषयी वाद चालला होता, त्यांचे नाव दुसऱ्यानेच ठरवावे, हा अधिकार ज्ञानाने मिळतो काय? आमच्या मते मिळत नाही. सारंगखेडा ज्या शहादे तालुक्यात आहे, तेथील भिल्लांनी अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या आपल्याच माणसांबरोबर जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न स्वतः मांडला. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. अभ्यासक त्यानंतर वह्या घेऊन आले.

दुसऱ्यांना दोष देणे सोपे असते. काही वर्षांपूर्वी धर्मग्रामाची कुटुंबनोंदणी करीत आम्ही एका वृद्ध भिल्ल गृहस्थाच्या ओट्यावर बसलो होतो. मुले किती, शाळेत किती, शेती किती, सारे विचारून झाले. शेवटच्या रकान्यात आम्ही आमच्याच मनाने दोन शब्द लिहिले. बाबांनी चहा पुढे केला आणि अगदी सहज म्हणाले, “फादर, आमच्याविषयी काय लिहिले, ते जरा वाचून दाखवा.”

आम्ही मुलांची नावे वाचली, वये वाचली. शेवटचा रकाना आला तेव्हा वही मिटली आणि चहाचा कप उचलला.