यादीतला क्रम

सोनू,

पहिल्या पगारातून घ्यायच्या वस्तूंची तू पाठवलेली यादी वाचली. दिव्यांचा कीबोर्ड, दोन मॉनिटर, वर-खाली होणारं टेबल, महागडे हेडफोन, तीन ॲप्सची वर्गणी. यातलं काहीच वाईट नाही. पण ज्यांचे व्हिडिओ पाहून तू ही यादी केलीस, ते बंद काचांच्या एसी खोलीत बसतात. तुला कोड लिहायला बसायचंय सुरतेत, पांडेसऱ्यात, जीआयडीसीच्या पाठीला, दिवसरात्र लूमचा खडखडाट ऐकत. म्हणून माझा क्रम वेगळा आहे.

सगळ्यात आधी कान. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसवतो, असं कानाचे तज्ज्ञ धरतात. पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 88 ला चारच तास. लूमखात्याच्या आतला आवाज याच्या बराच वर जातो. तुझ्या खोलीत तो भिंती ओलांडून येतो, त्यामुळे तेवढा नसेल, पण तो दाबण्यासाठी तू गाणी मोठ्याने लावतेस, आणि खरा धोका तिथे आहे. बाहेरचा आवाज झाकायला त्याहून मोठा आवाज कानात ओतायचा नाही. आवाज गाळणारे हेडफोन सलग, जाड घरघर चांगली कापतात. लूमची ठोक्यासारखी खटखट बरीचशी उरते. त्यापेक्षा फोमचे इअरप्लग आण, औषधाच्या दुकानातही मिळतात. बोटांत वळून बारीक कर, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढ, मग आत सरकव आणि फोम फुगेपर्यंत बोटाने धरून ठेव. नुसता टोचून ठेवलास तर उपयोग नाही. मीटिंगसाठी साधा माइकवाला हेडसेट पुरे, फक्त माइक तोंडाजवळ येणारा बघ.

मग मान. लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र जोडलेले असतात, त्यामुळे हात बरोबर ठेवले तर मान वाकते आणि मान सरळ ठेवली तर खांदे वर चढतात. यावर दुसरा मॉनिटरच हवा असं नाही. वेगळा साधा कीबोर्ड आणि माउस घे, आणि लॅपटॉप उंच कर. दोन विटांवर स्वयंपाकघरातला पाट ठेवलास तरी चालेल, डगमगला नाही म्हणजे झालं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, कोपर काटकोनात, पाय जमिनीवर. खटखट वाजणारा मेकॅनिकल कीबोर्डच हवा असेल तर टीव्हीएस गोल्ड बघ, दुकानांच्या बिलिंग काउंटरवर असतो तो. वर्षानुवर्षं मार खातो. पण एका खोलीत रात्रपाळीहून आलेलं माणूस झोपलेलं असताना तो वाजवू नकोस.

डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघायचं असं सांगतात. आपल्या खोलीत वीस फूट सापडत नाहीत, गॅलरीत जा.

पांडेसऱ्याची धूळ वेगळी आहे. मिलच्या चिमण्यांची काजळी आणि कपड्यांवरून घरात येणारे धाग्यांचे तंतू लॅपटॉपच्या पंख्यात गोळा होतात. मग मशीन तापतं आणि स्वतःचा वेग कमी करतं; तू समजतेस कोड जड झालाय. गादीवर ठेवून काम करू नकोस. अधूनमधून मशीन बंद करून, चार्जर काढून, जाळी मऊ ब्रशने साफ कर. हवा मारलीस तर पंखा गरगर फिरू देऊ नकोस, काडीने अडवून धर. विजेसाठी मोठा इन्व्हर्टर नको. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. वीज गेली की बंद पडतो तो राउटर. त्याच्या व्होल्टेजचा, बहुधा 12 व्होल्टचा, छोटा यूपीएस घे.

आता सॉफ्टवेअर. यात पैसे घालायची घाई नाही, कारण सगळ्यात कामाच्या वस्तू फुकट आहेत. गिट हे लिनस टॉरव्हाल्ड्सने 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, आणि आज त्याच्याशिवाय बहुतेक टीममध्ये पान हलत नाही. लहान लहान कमिट कर आणि संदेशात 'फिक्स' असं लिहून मोकळी होऊ नकोस. बदल का केला ते लिही. सहा महिन्यांनी ते वाचणारी बहुतेक तूच असशील. एडिटर एकच धर, व्हीएस कोड असो वा व्हिम, पण तो बोटांत मुरू दे. व्हीएस कोडमध्ये फाइल शोधायला कंट्रोल-पी, व्याख्येवर जायला एफ12, नाव बदलायला एफ2, एवढं माउसला हात न लावता जमलं तरी फरक कळेल.

आणि टेस्ट. लूमवर काम करणाऱ्या तुझ्या दादाला विचार, जुन्या लूमवर तार तुटल्याचं कारागिराच्या डोळ्यांना दिसेपर्यंत खोट विणली जायची, आणि कापडाचा तागा तपासताना पैसे कापले जायचे. नव्या रेपिअर लूमवर तार तुटली की मशीन थांबतं, दिवा लागतो. कोडसाठी टेस्ट तेच काम करते. फाइल सेव्ह केली की टेस्ट आपोआप धावतील अशी व्यवस्था पहिल्याच आठवड्यात करून घे. एआयने लिहून दिलेला कोडही त्यातूनच जाऊ दे.

कोड अडला की कुणाला विचारण्याआधी तो ओळीओळीने मोठ्याने सांगायचा, ही युक्ती 1999 च्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकाने प्रसिद्ध केली. तिथे ऐकायला रबरी बदक आहे. तू वहिनीला सांग, अहिराणीत सांग. इंग्रजी शब्दांच्या आड लपलेलं न समजणं घरच्या बोलीत लगेच उघडं पडतं.

उरलेल्या पैशांतून दुसरा मॉनिटर पुढच्या दिवाळीला बघू. त्याआधी एक काम कर. दादाला टीव्हीचा आवाज किती मोठा लागतो ते तू रोज ऐकतेस. त्याच्या सुट्टीच्या दिवशी नव्हे, कामाच्या दिवशी खाडा करून त्याला मजुरागेटच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये कान-नाक-घसा विभागात ने आणि कानाची तपासणी करून घे. खाड्याचे पैसे मी पाठवते. इअरप्लग दोघांसाठी आण, आणि वळून कानात कसे घालायचे ते त्याला तूच दाखव. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल.

तुझी,
आत्या