नोंदीतला माणूस

राजे-सरदारांच्या वंशावळी जतन करणारे भाट सर्वत्र आढळतात. शेतमजुराची वंशावळ कोण लिहिणार? तरीही इंग्लंडमधील अनेक सामान्य कुटुंबे आज आपल्या अनाम पूर्वजांचा माग काढू शकतात, आणि त्याचे श्रेय बव्हंशी धर्मग्रामांच्या नोंदवह्यांना द्यावे लागेल. १५३८ साली टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक धर्मग्रामाला बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याचा आदेश दिला. सरकारी जन्ममृत्यूनोंदणी सुरू झाली ती थेट १८३७ मध्ये.

या कागदांतून पूर्वज भेटतो खरा; परंतु कोणाच्या शब्दांत? १८४१ च्या जनगणनेत त्याचा व्यवसाय 'ॲग. लॅब.', म्हणजे शेतमजूर, एवढ्याच दोन तुटक शब्दांत उरकलेला असतो. त्याच्या पत्नीपुढील रकाना बहुधा रिकामा असतो, कारण पतीच्या कामात हातभार लावणाऱ्या पत्नीचा व्यवसाय लिहिण्याची गरज नाही, अशी सूचनाच होती. ती दिवसभर राबली नाही, असा अर्थ त्यातून कोण काढील?

याहून बोचरे शब्दही भेटतात. एखाद्या बाळाच्या बाप्तिस्म्यापुढे 'अनौरस' लिहिलेले असते, कोणाच्या दफनापुढे 'कंगाल'. वंशज ते वाचतो आणि मान खाली घालतो. पण असे शब्द लिहिले जाण्यामागे पुष्कळदा पैशाचा हिशेब होता. अनौरस मुलाच्या पोषणाचा भार धर्मग्रामाच्या निधीवर पडू नये, म्हणून अधिकारी पित्याचा शोध घेत. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. कंगालांना तो माफ असे. तेव्हा त्या काळातला 'कंगाल' हा शब्द निदान काही ठिकाणी करमाफीची खूण होता, माणसाचे मूल्यमापन नव्हे.

येथे आमच्या मते खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. मृत माणूस आपली बाजू मांडू शकत नाही. त्याच्याविषयी इतरांनी लिहिलेला शब्द आपण अंतिम मानावा काय? लाज वाटून ती नोंद लपविणे हा असत्याचा मार्ग झाला. कल्पनेने तिला गोंडस रूप देणे हाही तोच. नोंद जशी आहे तशी स्वीकारावी, ती कोणी व कशासाठी लिहिली ते समजून घ्यावे, आणि निवाडा मात्र करू नये. सत्य आणि प्रीती यांचा मेळ असाच घालता येतो.

१७५४ पासून इंग्लंडमध्ये वधूवरांनी विवाहनोंदीवर सही करणे सक्तीचे झाले. ज्यांना सही करता येत नसे, ते फुली काढीत. बाकीचे सारे कारकुनाच्या वा धर्मगुरूच्या हातचे. ती वेडीवाकडी फुली तेवढी त्या माणसाच्या स्वतःच्या हातची. कित्येकांच्या बाबतीत आयुष्यभरात त्यांनी कागदावर उमटविलेले तेवढेच चिन्ह आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

आम्ही धर्मगुरूही नोंदवह्या लिहितो. लेखणी उचलताना हे ध्यानात असावे, की शंभर वर्षांनी कोणीतरी आपल्याच अक्षरांतून आपल्या पणजीला भेटणार आहे.