त्याच इयत्तेत पुन्हा

नीरेच्या डाव्या कालव्याकाठी, बारामती-इंदापूरच्या शिवारांत, तोडलेल्या उसाच्या त्याच बुडख्यांवर खोडवा राखणाऱ्यास कोणी हसत नाही. मूल त्याच इयत्तेत राहिले की मात्र घराची मान खाली जाते. २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत बंद झालेले हे मागे राहणे २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीपुरते पुन्हा शक्य झाले. मग बारामतीचे पोर इंदापुरास मामाकडे जाते, निघताना बजावले जाते, "तिकडे काही बोलू नकोस." लाज थोरांची, वाहावयाची मात्र दहा वर्षांच्या मुलाने! नापास झाल्याचे दुःख रडून ओसरते. आपणच लपविण्याजोगे आहोत असे कळल्यावर त्याने कोणाजवळ रडावे? खोडव्यास निराळी मशागत लागते हे जाणणारा बापही मुलाजवळ बसून "कोठे अडले?" असे विचारताना आम्हांस क्वचितच दिसतो.