खुलभर दूध

देवदर्शनाच्या रांगेत नित्य दिसणारे एक दृश्य आहे. एका हातात फुलांची पुडी आणि दुसऱ्या हातात नातवाचे बोट धरून एखादी वृद्ध माता पायरीला हात लावून नमस्कार करते, आणि तिचे पाहून नातूही वाकतो. घंटेपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही, म्हणून कोणीतरी त्याला उचलून घेते. गाभाऱ्यासमोर आल्यावर आजी डोळे मिटते न मिटते तोच नातवाला तहान लागते, रांग पुढे सरकते, आणि ज्या दर्शनासाठी ती एवढ्या दुरून आली ते निमिषभरात संपून जाते. सभामंडपात येऊन टेकल्यावर तिच्या मनात येते, की आपले अवघे आयुष्य असेच गेले. देवाकडे पाहायला सवड म्हणून मिळाली नाही.

अशी खंत बाळगणाऱ्या माता थोड्या नाहीत. तरुणपणी मुले लहान होती, सासू-सासऱ्यांची दुखणी होती. उतारवयात पोथी वाचू, चार तीर्थे करू, असे त्यांनी मनाशी योजिले होते. तो काळ आला तेव्हा सून नोकरीसाठी बाहेर पडू लागली होती आणि पाळण्यातले नातवंड आजीच्या मांडीवर आले होते. पोथीचे पान उघडावे तो बाळ जागे होते. जपाला बसावे तो शाळेची गाडी दाराशी येते. उपवास डॉक्टरांनी बंद केलेले असतात. मग आरतीच्या वेळी हात जोडताना प्रश्न पडतो, की संसाराने देवाचा वाटा खाल्ला काय? अशी तुटपुंजी भक्ती देव पदरात घेईल काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेने फार पूर्वी देऊन ठेवले आहे, आणि तेही एका म्हातारीच्याच आचरणातून.

श्रावणातल्या सोमवारी घरोघरी जी कहाणी वाचली जाते ती खुलभर दुधाची. एका नगरीचा राजा शिवभक्त होता. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे त्याच्या मनात आले. त्याने दवंडी पिटविली, की नगरातील यच्चयावत दूध देवळात आणावे. राजाज्ञेच्या धाकाने लोकांनी घरातले सारे दूध आणून ओतले. त्या दिवशी पोरांच्या मुखी दूध लागले नाही, वासरे गाईंपासून दूर बांधली गेली. घागरींवर घागरी रिकाम्या झाल्या, तरी गाभारा भरेना. दुपार झाली. एक म्हातारी घरचे काम उरकून आली. तिने आधी मुलाबाळांना खाऊ घातले होते, लेकीसुनांना तृप्त केले होते, गाईवासरांना चारा घातला होता. मागे उरलेले खुलभर, म्हणजे लहानशा भांड्यात मावेल इतकेच दूध, दोन बेलाची पाने आणि चार फुले घेऊन ती देवापुढे उभी राहिली. तिने दूध वाहिले मात्र, आणि गाभारा काठोकाठ भरला. राजाने शोध घेतला तेव्हा म्हातारीने निर्भयपणे कारण सांगितले. ज्या दुधामागे भुकेल्या बालकांचा आणि हंबरणाऱ्या वासरांचा तळतळाट होता, ते देवाला पोहोचलेच नव्हते.

या कहाणीत व्रतवैकल्याची थोरवी आहेच. परंतु तिचे मर्म त्याहून खोल आहे. म्हातारीने घरच्यांना घातलेले दूध देवाच्या वाट्यातून कमी झाले नाही. लेकरांच्या मुखी गेलेले दूध आणि पिंडीवर वाहिलेले दूध, दोन्ही मिळून तिची एकच पूजा झाली. म्हणून नातवंडाला भरविताना जिची पोथी राहून गेली, तिने देव अंतरला असे मनात आणू नये. पंढरीचा विठ्ठल तर पुंडलिक मातापित्यांच्या सेवेत गुंतला होता म्हणूनच विटेवर उभा राहिला, असे संतपरंपरा सांगते. घरच्या सेवेपायी ताटकळत उभे राहण्यात ज्याने कमीपणा मानला नाही, तो एखाद्या आजीच्या अर्ध्यावर राहिलेल्या जपाने रुसेल कसा?

आजीच्या भक्तीला आणखी एक अंग आहे. ते म्हणजे ऋतूंचे. देवघरात ती जेवढा वेळ बसते, त्याहून अधिक वेळ तिचा देव स्वयंपाकघरात आणि अंगणात तिच्यासोबत असतो. चैत्र पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पाने गुळासह नातवंडांच्या हातावर ठेवून ती वर्षाचा आरंभ करते. मुलांची तोंडे वाकडी होतात आणि ती हसते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते. अक्षय्य तृतीयेपर्यंत घरात आंब्याची डाळ आणि पन्हे यांचा घमघमाट असतो. ज्येष्ठात वडाची पूजा होते. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी येते. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करण्यापूर्वी कांद्याची भजी पोटभर करून घालणारी आजी व्रत आणि हौस यांचा मेळ किती सहजपणे घालते! बाहेर पाऊस कोसळत असावा, कढईभोवती नातवंडांचा घोळका असावा आणि पहिला घाणा देवापुढे ठेवून यावा, यात जे सुख आहे ते वेगळे.

श्रावणात शुक्रवारी जिवतीची पूजा होते. पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळले जाते. भाद्रपदात गणपती येतात, मागोमाग दारापासून देवघरापर्यंत पावले उमटवीत गौरी येतात. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य रोज किती वाढले हे पाहण्याची घाई मुलांना असते. दिवाळीच्या पहाटे आजीच्या हातचे तेल आणि उटणे अंगाला लागले, की थंडीची शिरशिरी पळून जाते. तुळशीच्या लग्नात ऊस, चिंचा, आवळे आणि बोरे मांडली जातात. अनेक घरांत चातुर्मासात सोडलेले वांगे मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत होऊनच पुन्हा पानात येते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि त्या दिवसांत पिकणाऱ्या सर्व भाज्यांची मिसळ असते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एखाद्या दिवशी घरातल्या तान्ह्याला हलव्याचे दागिने घालून, बोरे, उसाचे करवे आणि चुरमुरे यांनी बोरन्हाण होते. फाल्गुनात होळीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखविला, की वर्षाचे चक्र पूर्ण होते.

यात शास्त्र आहे, आरोग्य आहे, शेतीभातीचे भान आहे. पण नातवंड यातून जे शिकते ते त्याहून मोलाचे असते. जे आपल्याला सर्वांत आवडते ते आधी देवापुढे ठेवायचे, मग दुसऱ्याला द्यायचे आणि मग आपण घ्यायचे, हा धडा त्याला कोणी पाठ करावयास लावीत नाही. नैवेद्याचे पान वाढून होईपर्यंत तो पुरणाकडे पाहत थांबतो. त्या थांबण्यातच संयम, कृतज्ञता आणि श्रद्धा यांचे बीज पडते. पुढे मोठेपणी श्लोक विसरले, आरतीचे शब्द मागेपुढे झाले, तरी आजीच्या हातच्या नैवेद्याची चव तो विसरत नाही. आणि त्या चवीच्या मागोमाग देवही आठवतो.

आजी-आजोबांच्या छायेत काय घडू शकते याचे थोर उदाहरण म्हणजे पैठणचे संत एकनाथ महाराज. पंढरीच्या विठ्ठलाचे परमभक्त भानुदास हे त्यांचे पणजोबा. एकनाथांचे मातापिता ते लहान असतानाच निवर्तले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी त्या पोरक्या बालकाला वाढविले. पुत्राचा वियोग गिळून त्याच्या लेकराला मायेने मोठे करणे ही केवढी तपश्चर्या असेल! पुढे एकनाथ देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले, त्यांनी गुरुसेवा केली, तीर्थयात्रा केली. चरित्रकार सांगतात, की इकडे आजी-आजोबा नातवाच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. यात्रेहून एकनाथ पैठणास आले, तेव्हा त्यांनी जनार्दनस्वामींचे पत्र त्यांच्या हाती ठेवले. त्यात तेथेच राहून गृहस्थाश्रम स्वीकारण्याची आज्ञा होती. गुरूने शिष्याला अरण्यात न धाडता वृद्ध आजी-आजोबांच्या दारी स्थिर केले. इ. स. १५७३ मध्ये एकनाथी भागवत पूर्ण करणारा आणि मराठी जनांना भारुडांतून परमार्थ शिकविणारा हा महापुरुष त्या दोन थकलेल्या जीवांनी जगाला दिला. ते दोघे आपण काही पारमार्थिक कार्य करीत आहोत असे म्हणत बसले नसतील. त्यांनी नातू सांभाळला एवढेच.

येथपर्यंत आजीचे समाधान झाले. परंतु कहाणीची दुसरी बाजू घरातील इतरांनी ऐकण्याजोगी आहे. म्हातारीने सर्वांना तृप्त केल्यावर खुलभर दूध तिच्याजवळ उरले होते, आणि ते घेऊन देवळात जाण्याइतकी दुपार तिला मिळाली होती. घरच्यांनी तेवढेही दूध पिऊन टाकले असते, किंवा तिला आणखी एका कामाला जुंपले असते, तर गाभारा रिकामाच राहिला असता. आज कित्येक घरांत नेमके हेच होते. आजी नातवंडे सांभाळते, देणारा-घेणारा पाहते, दूधवाला, औषधे, कुलपे सारे तिच्याकडे असते. हे सारे ती आनंदाने करते, म्हणून तिला स्वतःचे काही हवे असेल हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ती मागत नाही. कारण मागण्याची सवय तिला कधी नव्हतीच. अशा घरात आजीचे प्रेम असते, परंतु तिचे खुलभर दूध घरच्यांनीच संपविलेले असते.

म्हणून रोज अर्धा तास तरी तिचा असावा. त्या वेळी बाळाला दुसऱ्या कोणी घ्यावे. तिची पोथी, तिची जपमाळ किंवा नुसते तिचे स्वस्थ बसणे, हा तिचा अधिकार मानावा. यात्रेला आल्यावर तिला कोपऱ्यात सामान राखण्यासाठी बसवून बाकीच्यांनी दर्शन उरकू नये. मुलांना काही वेळ आईवडिलांनी सांभाळावे आणि तिला शांतपणे देवासमोर उभे राहू द्यावे. गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांवर तिच्या गतीने चालावे. तिच्यासोबत हळू चढलेल्या पायऱ्यांचे पुण्य घाईने केलेल्या प्रदक्षिणांहून उणे नाही.

काही आजींच्या दारी मात्र नातवंडांची गर्दी नाही. मुले परदेशी आहेत. नातवंडे दूरध्वनीच्या पडद्यावर दिसतात. सणाचे पान वाढताना त्यांचा हात थबकतो. त्यांच्यासाठी जिवतीच्या पूजेतच एक उपाय सांगितलेला आहे. ज्यांची मुले परगावी असतात त्या माता चारी दिशांना अक्षता टाकून त्यांना ओवाळतात. लेकरू कोणत्या दिशेला आहे हे जिवती जाणते. आशीर्वादाला अंतर अडवीत नाही. पण दूर असलेल्या मुलांनीही एवढे ध्यानी घ्यावे, की अक्षता पोहोचल्याचा निरोप आईला मिळाला पाहिजे. सणाच्या दिवशी केलेला एक फोन, आणि नातवंडाने आपल्या तोंडून आजीला विचारलेली एक कहाणी, हीच ती पोच होय.

वृद्धांच्या पालनपोषणासाठी सन २००७ मध्ये केंद्र शासनाने ज्येष्ठ नागरिकांविषयीचा कायदा केला. आजी-आजोबांनाही त्याचा आधार आहे. कायद्याची गरज पडावी ही गोष्ट भूषणाची नव्हे. तथापि निराधारांना त्यामुळे बळ मिळाले हे मान्य केले पाहिजे. कायदा ताटात भाकरी आणून देऊ शकतो. त्या भाकरीशेजारी बसून दोन घास खाणारे माणूस मात्र घरालाच द्यावे लागते.

देवस्थानास अर्पण करणाऱ्या उदार भाविकांनीही या कहाणीचे चिंतन करावे. अन्नदान, अभिषेक, जीर्णोद्धार यांसाठी दिलेले द्रव्य पवित्र आहे, आणि त्यावरच देवस्थानांची सेवाकार्ये चालतात. परंतु घरातील वृद्ध मातेचे औषध टाळून, तिच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढे ढकलून दिलेली देणगी ही राजाच्या घागरीसारखी आहे. आधी घरातले मुख तृप्त करावे, मग उरलेले श्रद्धेने आणावे. ते खुलभर असले तरी गाभारा भरण्यास पुरेसे आहे.

आणि सभामंडपात क्षणभर टेकलेल्या त्या माउलीने मन लहान करू नये. तिच्या शेजारी बसलेला नातू प्रसादाची पुडी उघडतो, पहिला कण तिच्या हातावर ठेवतो आणि मग आपण खातो. हे त्याला कोणी शिकविले? तिचे दर्शन निमिषभराचे झाले असेल. परंतु ज्या श्रद्धेसाठी ती आयुष्यभर झिजली, ती श्रद्धा तिच्या शेजारीच बसली आहे.

सर्व भाविकांच्या घरी आजीची माया, ऋतूंचा आनंद आणि देवाचे नाम अखंड नांदो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥